लग्नाचा आचारी आणि मेनफ्रेमचं बिल

मी बेंगळुरूला मेनफ्रेमवर काम करतो, एवढंच आमच्या घरी ठाऊक. मेहुणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी कन्नडमध्ये पुन्हा विचारलं, की तुम्ही तिथे करता तरी काय? समोर आचारी चूल मांडत होता. तो माणशी मजुरी घेणारा, म्हणून भाजी चिरायला, नारळ खवायला शेजारच्या बायका आलेल्या. मी म्हटलं, हेच करतो!

मेनफ्रेमवर आयबीएमच्या सॉफ्टवेअरचं भाडं प्रोसेसर किती राबला यावर ठरतं. जुन्या पद्धतीच्या करारात दर चार तासांची सरासरी काढतात आणि महिन्यातली सर्वांत मोठी सरासरी बिलाला लागते. म्हणजे मुख्य प्रोसेसर हा आचारी. त्याचा भार हलका करायला आयबीएमने खास प्रोसेसर काढले. 2000 साली लिनक्ससाठी आयएफएल, 2004 मध्ये जावासाठी झॅप, 2006 मध्ये डेटाबेसच्या काही कामांसाठी झिप. पुढे जावाचं कामही झिपकडेच आलं. गंमत म्हणजे आतली चिप एकच. कुठल्या गाभ्याने कुठलं काम करायचं ते यंत्रातली आज्ञावली ठरवते. झिप विकत घ्यावा लागतो, पण साध्यापेक्षा बराच स्वस्त, आणि त्यावर झालेलं काम आयबीएमच्या सॉफ्टवेअरच्या भाड्यात मोजत नाहीत. शिवाय स्वस्त मॉडेलमध्ये मुख्य प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी ठेवलेला असतो, झिप मात्र पूर्ण वेगाने पळतो.

इतकं ऐकून कुणीही म्हणेल, मग सगळंच तिकडे ढकला. मीही तसंच समजलो होतो. 2016 साली एका परदेशी विमा कंपनीचा हप्त्यांचा हिशेब करणारा जावा प्रोग्रॅम आम्ही झिपवर नेला आणि बिल उतरेल असं मी बैठकीत छातीठोकपणे सांगितलं. महिनाअखेरीस बिल होतं तिथेच! झिप एकच होता. सकाळी दहानंतर त्याच्यापुढे रांग लागे, आणि रांग वाढली की झेड-ओएस उरलेलं काम मुख्य प्रोसेसरकडे पाठवी. नेमके तेच दिवसातले सर्वांत गर्दीचे चार तास. शेजारणी कमी पडल्या की आचारी आपली आणखी दोन माणसं बोलावणार, तसंच.

ही मदत बंद करायची सोय आहे. पण मग काम झिपच्या रांगेतच अडकतं आणि खिडकीवरचा ग्राहक ताटकळतो. तो धोका मी पत्करला नाही. हिशेब रात्री चालवायचं ठरलं, दुसरा झिप घेतला, आणि दोन महिन्यांनी बिल खरोखर उतरलं. मधले ते दोन महिने मला नीट झोप नव्हती, हे घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

सासूबाई ऐकत होत्या. ‘हौदा?’ म्हणाल्या, आणि मग मराठीत, ‘अहो, पण पहिल्यांदाच दोघींना का नाही बोलावलंत?’

मुख्य प्रोसेसरवर कामाचा ताण किती आणि त्यातलं झिपला चालण्याजोगं किती, हे मोजणारे अहवाल यंत्र स्वतःच देतं. ते मी आधी वाचायला हवे होते. कोबॉलमधले साधे प्रोग्रॅम तर सहसा झिपवर जातच नाहीत. त्या कंपनीच्या पॉलिसींची जुनी कामं आजही आचाऱ्याच्याच हातची.