आपल्या पत्त्यातली नावे

रहीन, डूराडॉइल, कॅसलट्रॉय, अ‍ॅनाकॉटी... लिमरिकला राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या तोंडी ही नावे रोजचीच. पण भारतातून आलेल्या आजीने "म्हणजे काय गं?" असे विचारले, की आपण सगळे गप्प!

खरे तर उत्तर रस्त्यावरच्या पाटीवरच असते. खाली ठळक अक्षरांत इंग्रजी नाव आणि त्याच्या वर तिरप्या अक्षरांत आयरिश नाव. मूळ नाव ते वरचे. १८२४ साली इंग्रजांनी आयर्लंडची मोजणी सुरू केली. पुढे जॉन ओडोनोव्हन यांच्यासारखे जाणकार गावोगाव विचारून, जुनी हस्तलिखिते चाळून मूळ नावे टिपत गेले. नकाशावर मात्र ती इंग्रजी वळणाने लिहिली गेली. आवाज राहिला, अर्थ गेला. मुंबईत शीवचे सायन झाले तसेच. शीव म्हटले की हद्द कळते, सायन म्हटले की फक्त रेल्वे स्टेशन. (आपल्या आडनावांचे इथे काय होते ते आठवा, म्हणजे दुःख कळेल.)

डूराडॉइल म्हणजे आंधळ्याचे कुरण. रहीन म्हणजे मातीच्या गोल तटाची छोटी गढी. मोनालीन ही जवसाची दलदल. 'आह' म्हणजे नदी ओलांडायचा उतार, म्हणून अ‍ॅनाकॉटी हा छोट्या होडीचा उतार आणि अडेअर हा ओकच्या झाडाचा. गंमत कॅसलट्रॉयची. तिथे शॅननकाठी पडक्या गढीचे अवशेष आहेत खरे, पण आयरिश नावात किल्ला नाहीच! तिथला शब्द आहे 'काला', म्हणजे नदीकाठची सखल गवताळ जमीन. इंग्रजी कानांना त्यात कॅसल ऐकू आले असावे.

आपल्या बुद्रुक-खुर्दची जोडीसुद्धा इथे आहे: 'मोर' म्हणजे थोरले, 'बेग' म्हणजे धाकटे.

आणि विद्यापीठ आहे ते प्लासी? ते नाव गेलिक नव्हे, आपल्याकडचे. १७५७ ची लढाई जिंकलेल्या रॉबर्ट क्लाइव्हला १७६२ मध्ये आयर्लंडची सरदारकी मिळाली. त्याने इथे जमीन घेतली आणि तिला लढाईचे नाव दिले. बंगालमधले ते गाव पलाशी, म्हणजे पळसाचे. आपल्या पळसदरीचा पळस तोच. लुटीच्या पैशातून आलेले नाव, हेही मुलांना सांगायला हवे असे आम्हाला वाटते.

मुले शाळेत आयरिश शिकतात, तेव्हा गाडीतून जाताना वरची ओळ त्यांनाच वाचायला सांगा. 'बॅली'ने सुरू होणारे नाव बहुधा 'बाल्य', म्हणजे गाव, असते. पण किलालूसमोरचे बॅलिना तसे नाही. ते 'बेल अन आहा', उताराचे तोंड. पाटी वाचल्याशिवाय ते कळायचे नाही.