पद्मिनीचा पत्रा आणि गंजाची गोष्ट

जुन्या सोसायटीच्या आवारात, मेणकापडाखाली झाकलेली एखादी फियाट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. मालकाने ती मोठ्या मायेने झाकलेली असते. पण त्या कापडाखाली कोंडलेली ओल आपले काम रात्रंदिवस करीत असते. वडिलांनी घेतलेली गाडी मुलाला मोडीत काढवत नाही आणि दुरुस्तही करवत नाही. या दोहोंच्या मध्ये जी वर्षे जातात, ती सगळी गंजाच्या पदरात पडतात!

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या बाहेर पडल्या. आधी 'फियाट ११००', पुढे १९७४ च्या सुमारास 'प्रीमियर पद्मिनी'. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप तिनेच घडवले. टॅक्सीला वीस वर्षांचीच मुदत असल्याने, २००३ साली नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. आता उरल्या आहेत त्या घरगुती गाड्या, आणि त्यांचा खरा वैरी एकच: गंज.

गंज म्हणजे काय, तर लोखंड, पाणी आणि प्राणवायू यांचा संसार. त्यात मीठ पडले की तो संसार भलताच भरभराटीला येतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत पत्रा लवकर खातो तो यामुळेच. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. म्हणून रंगाखाली तो फुगतो आणि फोड दिसतात. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे, की दिसणारा फोड बोराएवढा असला, तर आतला रोग बहुधा संत्र्याएवढा असतो.

पद्मिनीच्या बाबतीत हा केवळ शोभेचा प्रश्न नाही. ट्रकला खाली स्वतंत्र सांगाडा असतो, तसा तिला नसतो. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. दारांखालच्या पोकळ पट्ट्या, गाडीचा तळ आणि चाकांवरच्या कमानी यांवरच सारा भार असतो. आत बसणाऱ्या आपल्या मुलाबाळांचा जीवही त्याच पत्र्याच्या भरवशावर असतो. त्या पट्ट्या कुजल्या, तर वरून कितीही चकचकीत रंग दिला तरी तो पोखरलेल्या तुळईवर दिलेला चुनाच!

तेव्हा पहिले काम तपासणीचे. पायाखालच्या चटया उचलाव्यात. दारांच्या खालच्या कडा, बॅटरीखालचा पत्रा, काचेच्या रबराभोवतीची जागा आणि डिकीचा तळ पाहावा. बोटाने टिचकी मारली असता निरोगी पत्रा खणकन वाजतो, कुजलेला बद्द बोलतो. शंका आली तर टोचणीने दाबून पाहावे. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने एक छोटे चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून न्यावे. ते जिथे चिकटणार नाही, तिथे पत्र्याऐवजी पुट्टीचा जाड थर आहे असे समजावे.

वरवरचा गंज असेल तर काम सोपे आहे. तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने तो चकचकीत लोखंडापर्यंत घासावा. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्याने नाकाला चांगला मास्क लावावा आणि मुलांना त्या धुळीपासून दूर ठेवावे. खळग्यांत राहिलेल्या गंजावर फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्लाचे द्रावण लावतात. टॅनिक आम्लाने तांबूस गंज काळा होतो. यात नवल वाटायला नको. हिरडा आणि हिराकस यांच्यापासून काळी शाई करणाऱ्या आपल्या पोथीलेखकांची विद्या याच जातीची!

पत्र्याला भोके पडली असतील, तर मात्र कापण्यावाचून गत्यंतर नाही. बॅटरी सोडवून आणि पेट्रोलची टाकी उतरवूनच वेल्डिंगला हात घालावा. दाराखालची पट्टी कापण्यापूर्वी गाडीला खालून सारखा आधार द्यावा आणि आतून आडव्या पट्ट्यांनी ती बांधून घ्यावी. नाहीतर गाडी मध्येच वाकते आणि मग दार जन्मात नीट लागत नाही. निरोगी लोखंड लागेपर्यंत कापावे, तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा घडवावा आणि थोड्या थोड्या अंतरावर टाके देत जोडावा. एकाच जागी सलग जाळ दिला की पत्रा पापडासारखा वेडावाकडा होतो.

पोचे काढणे ही हातची कला. आतून लोखंडी ठोकळा धरायचा आणि बाहेरून हलक्या हातोडीने, कडेकडून मध्याकडे, पत्र्याला समजूत घालत आणायचे. जोर केला तर पत्रा ताणला जातो आणि दाबताच टकटक वाजू लागतो. मग तेवढाच ठिपका तापवून ओल्या फडक्याने थंड करायचा, तो आकसतो. मुरलेला डेंटर डोळ्यांपेक्षा तळहातावर अधिक विश्वास ठेवतो. पुट्टी त्यानंतर, आणि तीही दोन-तीन मिलिमीटरच. गंजावर पुट्टी भरणे म्हणजे किडलेल्या दाताला सोन्याचा मुलामा. ती ओल शोषते आणि दोन पावसाळ्यांत सारे उखडते. शेवटी इपॉक्सी प्रायमर, मग रंग. आणि पोकळ भागांत मेणाचे द्रावण.

हौशी मंडळींनी एका नियमाकडेही लक्ष द्यावे. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणी सुरू केली. त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी. सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल चालत नाही. म्हणून कामाच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे काढून ठेवावीत. ती पुढच्या खरेदीदारालाही पुट्टीखाली काय आहे ते सांगतील.

आणि ज्यांना एवढा खटाटोप परवडत नाही, त्यांनी निदान दारांच्या तळची पाणी जाण्याची छिद्रे मोकळी ठेवावीत, पावसाळ्यात चटया वाळवाव्यात, मेणकापडाऐवजी हवा खेळणारे कापड घालावे आणि आठवड्यातून एकदा गाडी फिरवून आणावी. झिजावे पण गंजू नये, असे आपण मुलांना सांगतो. घरच्या जुन्या गाडीलाही तेवढी संधी द्यायला काय हरकत आहे?