बाळकुमच्या मागची खाडी

शनिवारी पहाटे अलिबाग-काशिदला निघालेल्या आणि वडखळच्या कोंडीत अडकलेल्या ठाणेकराला सांगितलं की बाबा, तू मुळात बेटावरूनच आलायस, तर त्याला ते पटणार नाही. पण नकाशा तेच सांगतो. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि या दोन खाड्यांना जोडणारा, ठाणे आणि कळवा यांच्यामधून जाणारा पाण्याचा अरुंद पट्टा. या पाण्याने वेढलेली ती साष्टी. हा पट्टा वर सरकत सरकत जिथे उल्हास नदीला मिळतो, त्या कोपऱ्यावर बाळकुम वसलंय.

जुना आग्रा रोड ठाण्यातून माजिवड्यावरून येतो, बाळकुम नाका ओलांडतो आणि कशेळीच्या पुलावरून भिवंडीत उतरतो. आज या रस्त्यावरून जाणाऱ्याला गाव दिसतच नाही. दिसतात ते मेट्रो-5 चे खांब, गोदामांकडे निघालेले कंटेनर आणि मजल्यांवर मजले चढवत गेलेली संकुलं. बाळकुमचं नाव बाहेरच्या जगाने ठळकपणे ऐकलं ते जून 2020 मध्ये, इथल्या ग्लोबल इम्पॅक्ट हबच्या इमारतीत 1,024 खाटांचं कोविड रुग्णालय उभं राहिलं तेव्हा. पत्ता सांगताना मात्र इथली माणसं अजून 'पाडा नंबर एक, दोन, तीन' असंच सांगतात. पाड्यात शिरलं की गल्ल्या अरुंद होतात, अंगणात तुळशीवृंदावन दिसतं, कुठे सुकत घातलेल्या सुकटीचा वास येतो आणि गावाचं तोंड मुळात कोणत्या दिशेला होतं ते कळतं. ते रस्त्याकडे नव्हतं, खाडीकडे होतं.

या खाडीचं गोड पाणी लोणावळा-राजमाचीच्या डोंगरात जन्मतं. उल्हास नदी कर्जत, बदलापूरवरून कल्याणला येते आणि तिथपासून खाली तिच्यावर समुद्राचा अंमल सुरू होतो. भरतीचं पाणी ठाण्याच्या बाजूला दोन वाटांनी येतं, एक वसईच्या मुखातून आणि दुसरी मुंबई बंदरातून. खाडीकाठच्या माणसाचा दिवस त्यामुळे घड्याळापेक्षा तिथीवर चालत आला. हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. हे गणित समुद्रकाठचं. पाणी खाडीत जितकं आत शिरेल तितकी वेळ पुढे सरकते, आणि ती किती सरकते हे त्या त्या गावच्या म्हाताऱ्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

वाळूची चौपाटी शोधायला आलेला माणूस इथे निराश होणार. हा चिखलाचा किनारा आहे. ओहोटीला काळसर, चकचकीत चिखल उघडा पडतो. त्यात तिवरांची पेन्सिलीएवढी श्वासमुळं हजारोंनी उभी असतात आणि त्यांच्यामधून निवट्या उड्या मारत फिरतात. निवटी हा मासा असूनही पाण्याबाहेर चिखलावर मजेत राहतो, परांवर सरपटतो आणि चाहूल लागली की बिळात गडप होतो. ज्याला ती हाताने पकडता येते त्याला आगरी-कोळी घरात खरा खाडीकर मानतात. चिंबोरी बिळातून लोखंडी आकडीने काढतात. उथळ पाण्यात पाग फेकतात. जिथे ओढ जोराची असते तिथे खुंटांना बोकशी बांधतात, म्हणजे पिशवीसारखं जाळं. ओहोटीचं पाणीच कोळंबी आणि बारीक मासळी त्यात लोटतं, माणसाने फक्त वेळेवर जाऊन ते उचलायचं. बोय, शिंगाळा, कालवं आणि भाग्य असेल तर जिताडा. आगरी ताटात जिताड्याला जो मान आहे तो पापलेटला नाही, आणि या बाबतीत आगऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे.

पहिला पाऊस पडला की आणखी एक हंगाम येतो. ओढ्या-नाल्यांचं पाणी शेतात आणि खाडीत एकत्र होतं, मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतात आणि लोक बॅटऱ्या घेऊन रात्री वलगणीला बाहेर पडतात. गाबोळीने भरलेली चिवणी याच दिवसांत मिळते. जिथे शेतं उरली आहेत तिथे वलगण अजून होते. बाळकुमसारख्या ठिकाणी शेतांच्या जागी वाहनतळ आले, आणि वाहनतळावर मासे चढत नाहीत.

मासळीइतकाच या काठाला रेतीचाही धंदा होता. मुंब्र्याचं रेतीबंदर, कशेळी, काल्हेर ही नावं इमारत बांधणाऱ्या प्रत्येक कंत्राटदाराला पाठ होती. जुनी रीत 'डुबी'ची. होडी नांगरायची, माणसाने बुडी मारून तळाशी जायचं, बादली भरायची आणि वर यायचं. फुप्फुसं आणि कान यांची किंमत मोजून मुंबई-ठाण्याच्या कितीतरी भिंती उभ्या राहिल्या. पुढे सक्शन पंप आले. एका दिवसात पंप जेवढी रेती उपसतो तेवढी उपसायला डुबीवाल्याला कितीतरी दिवस लागतील. तळ खरवडला गेला, काठ ढासळले, बेकायदा पंप पकडणं आणि बोटी बुडवणं हा महसूल खात्याचा नेहमीचा कार्यक्रम झाला. त्यात वालधुनी आणि उल्हास यांनी वरून आणलेलं कारखान्यांचं पाणी. खाडीतली मासळी का घटली याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, पण ही दोन कारणं कोणत्याही उत्तरात पहिली येतील.

कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडी तालुका. पहिली काही मिनिटं गोदामंच गोदामं. इथे कंटाळून परत फिरणाऱ्याचं नुकसान होतं, कारण त्यांच्या मागे अंजूर आहे. गंगाजी नाईक अणजूरकरांचं हे गाव. पोर्तुगीजांच्या ताब्यातली साष्टी सोडवावी म्हणून त्यांनी पेशव्यांकडे वर्षानुवर्षं खेटे घातले, वाटा, उतार, चौक्या यांची माहिती पुरवली. मार्च 1737 मध्ये मराठे खाडी उतरून ठाण्यावर आले तेव्हा पोर्तुगीजांचा किल्ला अर्धवट बांधलेला होता. तो हातात आला आणि दोन वर्षांनी, मे 1739 मध्ये, चिमाजी आप्पांनी वसई घेतली. 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणं जिंकलं. त्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे. मराठ्यांच्या त्या साऱ्या मोहिमेत कुठल्या ओहोटीला कुठे उतार मिळेल हे ज्ञान तोफेइतकंच महत्त्वाचं होतं, आणि ते खाडीकाठच्या माणसांकडे होतं. पाठ्यपुस्तकांत चिमाजी आप्पा येतात, अंजूरचे नाईक एका ओळीत संपतात. ही वाटणी काही न्यायाची नाही.

अंजूर, काल्हेर सोडून खारबावच्या दिशेला गेलं की गोदामं विरळ होतात आणि खारी जमीन सुरू होते. ही जमीन निसर्गाने दिलेली नाही, माणसांनी खाडीकडून मागून घेतलेली आहे. चिखलाचा बांध घालायचा, बांधात उघाडी ठेवायची, भरतीला तिची दारं बंद आणि ओहोटीला उघडी, म्हणजे पावसाचं पाणी मीठ धुऊन बाहेर पडतं आणि समुद्राचं आत येत नाही. दोन-चार पावसाळे असे गेले की भात रुजतो. त्यासाठी बियाणंही वेगळं. लाल दाण्याचा राता हा या मातीचा जुना सोबती. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खारं पाणी सोसणारे पनवेल-1, 2, 3 हे वाण काढले. बांध एकट्या शेतकऱ्याला सांभाळता येत नाही, एकाच्या हद्दीत खांड पडलं तर सगळ्यांची शेतं खारी होतात. म्हणून गावकी जमायची. नंतर सरकार जमलं, 1948 चा खारभूमी कायदा आला आणि मग 1979 चा. कागदावर बांध सरकारचा झाला आणि चिखल उचलणारी गावकी हळूहळू घरी गेली.

हा पट्टा बघायचा स्वस्त मार्ग म्हणजे दिवा-वसई रेल्वे. कोपरनंतर गाडी उल्हासचं पात्र ओलांडते, मग भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जुचंद्र. खिडकीतून भाताची खाचरं, तिवरं, बगळे, वीटभट्ट्या. तिकिटाच्या पैशांत एवढं कोकण दुसरीकडे मिळणार नाही.

अलीकडच्या काठाला बाळकुमनंतर कोलशेत, वाघबीळ, ओवळा, मोघरपाडा आणि गायमुख. इथे एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी, मध्ये घोडबंदर रोडची रुंदावत गेलेली पट्टी. गायमुखची चौपाटी, कोलशेतचा विसर्जन घाट अशा मोजक्या जागी माणूस पाण्यापर्यंत पोचतो. बाकी काठ भिंतीआड. आता याच काठाने बाळकुम ते गायमुख असा सुमारे 13.45 किलोमीटरचा खाडीकिनारा मार्ग आखला आहे. घोडबंदर रोडवर रोज तास-तास घालवणाऱ्याला तो हवाच आहे आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. पण मार्ग तिवरांमधून जातो. ही झाडं शोभेची नाहीत. उधाणाचा जोर ती अंगावर घेतात, मासळीची पिल्लं त्यांच्या मुळांत वाढतात, कोल्हे त्यांच्या आडोशाला राहतात. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये आणि मग 2018 च्या निकालात त्यांना संरक्षण दिलं, राज्याने 2012 मध्ये कांदळवन कक्ष स्थापला आणि 2020 मध्ये पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. मान आणि रस्ता यांत कोण जिंकतं हे या काठाने अनेकदा पाहिलंय.

घोडबंदरचा किल्ला मागे टाकला की पात्र रुंद होतं. डाव्या हाताला भाईंदरची मिठागरं. दिवाळीनंतर भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हावर आटवायचं आणि खडे धरले की फळीने ओढून ढीग लावायचे. उन्हाशिवाय इंधन नाही, आणि जून आला की धंदा बंद. पुढे भाईंदर आणि नायगावच्या मध्ये पाणजू बेट. पश्चिम रेल्वेच्या लोकल बेटावरून धडाडत जातात, पण थांबत नाहीत. पाणजूकर होडीनेच ये-जा करत आले.

आणि मग वसई. पोर्तुगीजांच्या किल्ल्याच्या तटाशी खाडी संपते, समुद्र सुरू होतो आणि ज्याची सगळे वाट बघत असतात ती वाळू येते. रानगाव, भुईगाव, कळंब, राजोडी, थेट अर्नाळ्यापर्यंत. सुरूची बनं आहेत, पण त्याहून बघण्यासारखं आहे ते किनाऱ्यामागचं गाव. विहिरी, पानमळे, केळीच्या बागा, वाडवळ आणि सामवेदी वाड्या. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की त्यांची सुकेळी होतात, मधासारखी गोड, चिवट आणि महाग. ही हिरवाई आपोआप उरली नाही. वसईच्या विकास आराखड्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली 'हरित वसई'ची चळवळ लोकांनी लढवली, मोर्चे काढले, मार खाल्ला. अर्नाळ्यासमोरच्या बेटावर बाजीरावाच्या काळातला किल्ला आणि कोळ्यांची जिवंत वस्ती आहे. तिकडे होडीने जावं लागतं.

कल्याणपासून वसईपर्यंतचा हा सगळा मार्ग 2016 च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग 53 झाला. कल्याणजवळच्या याच पाण्यात शिवाजी महाराजांनी 1657 नंतर जहाजं बांधायला घेतली, म्हणजे कल्पना काही नवी नाही. कोलशेत, काल्हेर, डोंबिवली आणि मीरा-भाईंदर इथे धक्के ठरले. वसई-भाईंदर रो-रो 2024 मध्ये सुरू झाली आणि तिने रस्त्याचा मोठा वळसा वाचवला. बाळकुमच्या माणसाला मात्र वसई अजून रस्त्यानेच गाठावी लागते.

खाडीकिनारा मार्ग होणारच असेल, तर त्याच्या आराखड्यात प्रत्येक गावाला पाण्यापर्यंत उतरायची वाट, होड्या ओढायला जागा आणि जाळी सुकवायला मोकळं मैदान नोंदलेलं हवं. ते नंतर सुचून चालणार नाही. ठाणेकरांनी तोवर एवढं करावं. दिवाळी ते होळी या दिवसांत, पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासची ओहोटी बघून खाडीकाठी जावं, कारण चिखल सर्वांत जास्त तेव्हाच उघडा पडतो. जाळी पसरलेली असतील तिथून फिरू नये, आणि गावचं कुणी सोबत नसेल तर तिवरांत उतरू नये. तो चिखल गुडघ्यापर्यंत दिसतो आणि कमरेपर्यंत असतो.