पवनचक्की : एक शब्द आणि काही नेहमीचे प्रश्न

‘पवनचक्की’ या समासातील उत्तरपद आज अन्वर्थक राहिलेले नाही. सातारा जिल्ह्यात वनकुसवडे आणि चाळकेवाडी येथील पठारांवर, किंवा धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेलच्या माळावर जी उंच यंत्रे फिरताना दिसतात ती काहीही दळीत नाहीत. ती वीज निर्माण करतात. मूळ अर्थ लोपला तरी शब्द टिकून राहावा यात भाषेच्या अभ्यासकाला नवल वाटण्याचे कारण नाही. फारसीतील ‘काळा’ या अर्थाच्या शब्दापासून ‘शाई’ आली, तरी आपण ‘तांबडी शाई’ बिनदिक्कत म्हणतो. आणि शेंगदाण्याच्या तेलात तीळ कोठे आहेत असे कोणी विचारीत नाही. डेन्मार्कमध्ये या यंत्राला आजही ‘वाऱ्याची गिरणी’ याच अर्थाचा शब्द रूढ आहे, आणि त्यावाचून त्या देशाचे काही अडलेले नाही.

तथापि ‘शाई’ आणि ‘पवनचक्की’ यांत एक महत्त्वाचा भेद आहे. ‘शाई’ म्हणताना काळा रंग कोणाच्या मनात येत नाही. ‘पवनचक्की’ म्हणताना मात्र चक्कीचे चित्र मनात उभे राहते. आणि ज्याच्या तोंडी ‘चक्की’ऐवजी ‘पंखा’ हा शब्द असतो, त्याच्या मनात छताला टांगलेल्या पंख्याचे. या यंत्राविषयी जे प्रश्न पुन:पुन्हा विचारले जातात, त्यांतील बरेचसे या दोन चित्रांतून निघाले आहेत, असे मला वाटते. सगळेच नव्हेत, आणि कोणते प्रश्न शब्दातून आले व कोणते वस्तूतून, हे निवडून काढणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. भाषाशास्त्राच्या अध्यापकाने यंत्राच्या रचनेत शिरण्याचे धाडस केले आहे ते एवढ्याच निमित्ताने.

पहिला प्रश्न पात्यांचा. एवढा उंच मनोरा उभारून त्यावर तीनच पाती का? दोन पात्यांमधून जाणारा वारा फुकट नाही का जात? शेतातील विहिरीवर पाणी उपसण्यासाठी जी जुनी अमेरिकी पद्धतीची वातचक्की असे तिला दहापंधरा किंवा त्याहूनही अधिक पाती असत, ही आठवण या प्रश्नाच्या मुळाशी असते. ती चक्की चुकीची नव्हती. तिचे काम निराळे होते. पंपाचा दट्ट्या उचलायचा किंवा जात्याची तळी फिरवायची, तर स्थिर अवस्थेतून सुरुवात करतानाच मोठा जोर लागतो. वेग कमी असला तरी चालते. जोर हवा असेल तर पाती पुष्कळ हवीत. वीज निर्माण करणाऱ्या जनित्राला मात्र वेग हवा असतो, आणि पुष्कळ पाती ही वेगाला अडसर ठरतात.

विजेसाठी वारा राबविण्याचे पहिले प्रयत्न झाले ते जुन्या चित्राच्या आधारेच झाले. १८८८ च्या सुमारास अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे चार्ल्स ब्रश याने आपल्या घराच्या आवारात सतरा मीटर व्यासाचे एक चक्र उभारले. त्याला १४४ पाती होती आणि त्यातून फार तर १२ किलोवॅट वीज मिळे. डेन्मार्कमधील आस्कोव्ह येथील शिक्षक पोल ला कूर याने १८९१ पासून केलेल्या प्रयोगांतून उलटा निष्कर्ष काढला : पाती थोडी आणि वेग अधिक, अशीच रचना विजेला अनुकूल. पुढे १९५७ मध्ये योहानेस यूल याने गेडसर येथे उभारलेले तीन पात्यांचे यंत्र १९६७ पर्यंत चालले. त्याचा व्यास २४ मीटर होता, म्हणजे क्षेत्रफळ ब्रशच्या चक्राच्या जेमतेम दुप्पट; शक्ती मात्र २०० किलोवॅट. दोन ठिकाणच्या वाऱ्यांतील आणि जनित्रांतील फरक जमेस धरला तरी हे अंतर बोलके आहे.

याचे कारण असे की, आधुनिक यंत्रातील पाते वाऱ्याच्या धक्क्याने ढकलले जात नाही. त्याचा छेद विमानाच्या पंखासारखा असतो. हवा त्याच्या दोन अंगांनी निरनिराळ्या वेगाने वाहते, आणि दाबातील फरकामुळे पाते पुढे ओढले जाते. असे पाते वाऱ्याच्या वेगाच्या सहासात पट वेगाने, टोकाशी, धावू शकते. एक पाते गेल्यावर त्याने ढवळलेली हवा मागे सरून ताजी हवा येते न येते तोच दुसरे पाते तेथे पोचते; म्हणून ‘मधून फुकट जाणारा’ वारा वस्तुतः फुकट जात नाही. पाती वाढविली तर प्रत्येक पाते आधीच्या पात्याने थकविलेल्या हवेत शिरते, आणि वाढता अडथळा पाहून वारा चक्राला वळसा घालून निघून जातो.

मग दोन का नाहीत? दोन पात्यांची यंत्रे झाली आहेत. १९४१ मध्ये अमेरिकेतील व्हर्माँट येथे उभारलेले साडेबाराशे किलोवॅटचे प्रचंड यंत्र दोनच पात्यांचे होते, आणि १९४५ मध्ये त्याचे एक पाते तुटून पडले तेव्हा तो प्रयोग संपला. दोन पात्यांची खरी अडचण मात्र वेगळी आहे. वाऱ्याची दिशा बदलली की यंत्राचे डोके वळवावे लागते. पाती उभ्या रेषेत असताना ते सहज वळते, आडव्या रेषेत आली की वळण्यास विरोध करते, आणि हा फरक प्रत्येक फेरीत दोनदा होत असल्याने सगळा सांगाडा हिसके खातो. पाती तीन असली की हा विरोध सर्व स्थितींत सारखाच राहतो. चौथे पाते घातले तर खर्च आणि वजन वाढते, मिळकत नाममात्र.

‘एवढे हळू फिरून काय होणार?’ हा दुसरा प्रश्न पंख्याच्या चित्रातून येतो. ८० मीटर व्यासाचे चक्र मिनिटाला अठरा फेऱ्या घेते, तेव्हा ते डोळ्यांना सुस्त भासते. पण त्याच्या पात्याचे टोक त्याच वेळी सेकंदाला सुमारे ७५ मीटर, म्हणजे ताशी २७० किलोमीटर वेगाने धावत असते. याहून फार वेग वाढविता येत नाही, कारण टोकाचा आवाज झपाट्याने वाढतो आणि पावसाचे थेंब व धूळ यांनी पात्याची कड झिजते.

असे चक्र सुमारे पाच हजार चौरस मीटर क्षेत्र व्यापते. सेकंदाला दहा मीटर वेगाचा वारा असताना त्यातून दर सेकंदाला ५०,००० घनमीटर, म्हणजे साठ टनांच्या आसपास हवा जाते, आणि तिच्यात सुमारे तीन हजार किलोवॅट शक्ती असते. ही सगळी शक्ती काढून घेता येणार नाही. काढली तर हवा पात्यांमागे जागच्या जागी थांबेल आणि मागून येणाऱ्या हवेची वाट अडेल. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये दाखवून दिले की, या हिश्श्याची कमाल मर्यादा सत्ताविसांतील सोळा भाग, म्हणजे ५९.३ टक्के आहे. प्रत्यक्षात चांगले यंत्र चाळीस ते पंचेचाळीस टक्के घेते. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, हे येथे विसरता कामा नये : वेग निम्मा झाला की शक्ती एक अष्टमांश उरते. झुळूक अंगाला जाणवत असूनही चक्र उभे का, याचे एक उत्तर या घनात आहे. सेकंदाला तीनचार मीटरच्या खाली वीज काढण्यात अर्थ नसतो. आणि पंचवीस मीटरच्या वर, म्हणजे वादळी वाऱ्यात, यंत्र पाती वळवून स्वतःला थांबविते. कधी दुरुस्ती चालू असते, कधी वीजजाळे वीज घेऊ शकत नाही. जमिनीवरची यंत्रे वर्षाकाठी आपल्या पूर्ण क्षमतेच्या साधारण एक पंचमांश ते एक तृतीयांश वीज देतात, आणि आपल्याकडे तिचा मोठा भाग मे ते सप्टेंबर या महिन्यांत येतो. ही मर्यादा लपविण्यात अर्थ नाही.

आता ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे वळतो. ‘पवनचक्क्या पाऊस पळवितात’ ही तक्रार या शतकाच्या आरंभीच्या अवर्षणाच्या वर्षांत पश्चिम महाराष्ट्रात जोराने ऐकू आली, आणि सुशिक्षितांनी ती हसण्यावारी नेली. तिच्यातील कल्पनेचा उगम मला ‘पंखा’ या शब्दात दिसतो. पंखा वारा घालतो. मग एवढे थोरले पंखे ढगांना पिटाळून लावणारच, असे हे अनुमान आहे. शब्द मान्य केला तर अनुमानात खोट नाही. परंतु हे यंत्र वारा घालीत नाही, घेते. क्रियापद उलटे आहे. पाऊस आणणारा नैर्ऋत्य मोसमी प्रवाह चारपाच किलोमीटर उंचीचा असतो, आणि यंत्र त्याच्या तळच्या शेसव्वाशे मीटर थरातून थोडी शक्ती काढून घेते. शिवाय माणदेशाचे अवर्षण यंत्रांहून फार जुने आहे. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण तालुक्यात त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. हा भेद सह्याद्रीने केला आहे.

मात्र याचा अर्थ यंत्रांचा हवेवर काहीच परिणाम होत नाही असा नव्हे. अमेरिकेतील टेक्सस राज्यात उपग्रहांच्या नोंदींवरून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मोठ्या पवनक्षेत्रांखालची जमीन रात्री आसपासच्या जमिनीपेक्षा किंचित उबदार राहते असे आढळले. चक्रे वरची उष्ण हवा खाली मिसळतात, हे त्याचे कारण. परिणाम आहे, पण तो स्थानिक आणि अल्प आहे. आणि तक्रारीत हवामानाखेरीज आणखीही काही होते असे मी मानतो. जमीन गेली, डोंगरावर रस्ते झाले, वीज तारांवरून दूर निघून गेली, आणि गावाच्या वाट्याला काय आले याचा हिशेब कोणी मांडला नाही. हे सारे ‘पाऊस पळविला’ या दोन शब्दांत बोलले जात होते. ढगांविषयीचे उत्तर देऊन त्या भागाचे उत्तर दिले असे होत नाही.

काही शंका तर शब्दांशी अजिबात संबंध नसलेल्या, वस्तूतूनच उद्भवलेल्या आहेत. पात्यांचा लयबद्ध सूंसूं आवाज आणि घरावरून फिरणारी त्यांची सावली यांचा त्रास खरा आहे. त्यावर वस्तीपासून पुरेसे अंतर हाच उपाय. यंत्र घडविण्यास लागलेली ऊर्जा ते साधारण वर्षभराच्या आत परत करते, ही शंका म्हणूनच फारशी टिकत नाही. पण काचतंतू आणि राळ यांची पाती आयुष्य संपल्यावर वितळवून पुन्हा वापरता येत नाहीत, हा प्रश्न अद्याप नीट सुटलेला नाही. पक्ष्यांचा प्रश्नही तसाच. जैसलमेरच्या माळरानावर माळढोकाला पात्यांपेक्षा वीज वाहून नेणाऱ्या तारांचा धोका अधिक. त्याला समोरचे कमी दिसते आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्या तारा भूमिगत करण्याविषयी आदेश दिला आणि २०२४ मध्ये त्यात बदल केला.

चाळकेवाडीच्या पठारावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी केलेला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याहून सूक्ष्म आहे. यंत्रांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले. त्यामुळे ज्यांच्यावर ते जगतात त्या सरड्यांची संख्या वाढली. हे सरडे अधिक निर्धास्त होते, माणूस अगदी जवळ येईपर्यंत पळत नव्हते, पण अंगाने रोडावलेले होते आणि नरांच्या गळ्याखालच्या पंख्याचे रंग फिके झाले होते. ज्या सड्यांची दप्तरांत ‘पडीक’ अशी नोंद करण्याचा प्रघात आहे, तेथे एवढी गुंतागुंतीची वस्ती नांदत होती. या सरड्याच्या प्रजातीला प्राणिशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये नवे नाव दिले तेव्हा लॅटिन किंवा ग्रीक शब्द न शोधता मराठी ‘सरडा’ हाच शब्द उचलला. ‘सराडा’ या रूपाने तो आता जगभरच्या प्राणिशास्त्रात रूढ आहे.