बोटे दुखतात म्हणून गिटार सोडू नका!

उन्हाळ्याच्या सुट्टीत बारावीची परीक्षा दिलेली एक मुलगी आईबरोबर दवाखान्यात आली. गिटार शिकू लागून तिला जेमतेम आठ दिवस झाले होते. डाव्या हाताच्या तीन बोटांची टोके लाल झाली होती आणि मनगट ठणकत होते. "डॉक्टर, हे खूळ बंद करायला सांगा," आई म्हणाली. मुलीचे डोळे भरून आले. मी तिला गिटार घेऊन यायला सांगितले.

ती सी मेजर ही कॉर्ड शिकत होती. पेटीवर सा, शुद्ध ग आणि प हे तीन स्वर एकदम दाबले की मेजर कॉर्ड होते. पांढरी एकचा सा धरला तर ती सी मेजर. गिटारवर यासाठी अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या घरात, मधले बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या घरात आणि तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या घरात ठेवतात. सर्वांत जाड सहावी तार वाजवत नाहीत.

मुलीची बोटे बरोबर तारांवर होती, पण घराच्या मधोमध. त्यामुळे स्वर खरखरत होता आणि ती आणखी जोर लावत होती. बोट पुढच्या पडद्याला लागून, त्याच्या अलीकडे टेकवले की थोड्या दाबातही स्वर स्वच्छ निघतो. शिवाय ती पलंगावर वाकून, मनगट मुडपून, सलग दोन तास बसत होती. दुखणार नाही तर काय?

नवशिक्यांनी एवढे पाळावे :

१) पाठ ताठ ठेवून खुर्चीवर बसावे. मनगट शक्यतो सरळ आणि अंगठा गिटारच्या मानेमागे सैल असावा.

२) डाव्या हाताची नखे कापलेली असावीत.

३) एका वेळी १० ते १५ मिनिटेच सराव करून हाताला विश्रांती द्यावी.

४) पोलादी तारा फार बोचत असतील, तर नायलॉनच्या तारांची गिटार घ्यावी. पोलादी तारांच्या गिटारला मात्र नायलॉनच्या तारा लावू नयेत.

नियमित सराव केल्यास साधारण दोन ते चार आठवड्यांत बोटांच्या टोकांना घट्टे पडतात आणि दुखणे कमी होते. घट्टे सोलू नयेत. फोड आल्यास तो बरा होईपर्यंत थांबावे. मधुमेह्यांनी बोटे रोज तपासावीत. संवेदना कमी असेल तर जखम झालेली कळत नाही.

टोके हुळहुळणे वेगळे आणि मुंग्या येणे वेगळे. अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होत असेल, रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, तर मनगटातील शीर दबत असण्याची शक्यता असते. अशा वेळी सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

तीन आठवड्यांनी मायलेकी पुन्हा आल्या. मनगट बरे होते. मुलीने कॉर्ड छेडली, पाचही तारा स्वच्छ बोलल्या. आईने विचारले, "आता गाणे कधी वाजवणार?"