पेट बोर्डिंग सुरू करताय? आधी वाटी बाजूला ठेवा, वजनकाटा आणा!



द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमधून वाट काढत आपल्या बॅचला येणाऱ्या एका ताईंनी मागच्या वेळी कॉस्टिंगचा कागद पुढे केला. काठे गल्लीत घरच्या घरी पेट बोर्डिंग सुरू करायचं, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत लोक गावाला गेले की त्यांचे कुत्रे-मांजरं सांभाळायचे. आयडिया चांगली. कागदावर भाडं, साफसफाई, मदतनीस सगळं व्यवस्थित मांडलेलं. आणि एक ओळ होती : "खाणं – रोज ₹६०."

मी विचारलं, "ताई, कोणत्या कुत्र्याचं?"

ताई म्हणाल्या, "कोणताही असू दे सर, दोन वेळा वाटीभर द्यायचं."

मित्रांनो, या एका ओळीत धंदाही बुडतो आणि प्राणीही आजारी पडतो. म्हणून आज एकच गोष्ट शिकू : कोणाला किती खायला द्यायचं, हे अंदाजाने न ठरवता मोजून कसं काढायचं.

हिशोब मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर

प्राण्याला नुसतं पडून राहायलाही ऊर्जा लागते. जगभरचे पशुवैद्य ती एका सूत्राने काढतात. सूत्र दिसायला अवघड आहे, पण आपण सोपं करू :

१. वजन किलोमध्ये घ्या आणि तीन वेळा एकमेकांशी गुणा.
२. आलेल्या आकड्यावर वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा.
३. त्याला ७० ने गुणा. ही झाली दिवसाची मूळ गरज, किलोकॅलरीमध्ये.
४. आता परिस्थितीप्रमाणे गुणक लावा. नसबंदी झालेला मोठा कुत्रा १.६, नसबंदी न झालेला १.८, दिवसभर सोफ्यावर लोळणारा १.४. नसबंदी झालेलं मांजर १.२, न झालेलं १.४. कुत्र्याचं पिल्लू चार महिन्यांपर्यंत ३, त्यानंतर मोठं होईपर्यंत २.

उदाहरण घ्या. ३२ किलोचा लॅब्राडोर, नसबंदी झालेला. ३२ × ३२ × ३२ = ३२,७६८. वर्गमूळ १८१, पुन्हा वर्गमूळ १३.४५. गुणिले ७० म्हणजे ९४२. गुणिले १.६ म्हणजे साधारण १,५०७ किलोकॅलरी.

आता ड्राय फूडची बॅग उलटी करून बघा. चांगल्या बॅगेवर किलोमागे किंवा १०० ग्रॅममागे किती किलोकॅलरी ते छापलेलं असतं. छापलेलं नसेल तर कंपनीला विचारा. १०० ग्रॅमला ३६० धरलं, तर १,५०७ भागिले ३.६ म्हणजे दिवसाला साधारण ४२० ग्रॅम. दोन वेळचं मिळून, बरं का! एका वेळचं नाही.

आता ८ किलोचा स्पिट्झ घ्या. त्याच हिशोबाने ५३३ किलोकॅलरी, म्हणजे साधारण १५० ग्रॅम. नीट बघा, लॅब्राडोर वजनाने चौपट आहे, पण त्याचं खाणं चौपट नाही, पावणेतीन पटच आहे. "छोट्याला १५० तर मोठ्याला ६००" असं करणारे इथेच फसतात.

आणि ४ किलोचं नसबंदी झालेलं मांजर? साधारण २३८ किलोकॅलरी. १०० ग्रॅमला ३८० असलेलं फूड असेल तर दिवसभरात फक्त ६० ते ६५ ग्रॅम. तेही थोडं थोडं, तीन-चार वेळा.

आता ताईंच्या ₹६० कडे येऊ

फूड किलोला ₹२५० पडतं असं धरून चला. लॅब्राडोरचे रोज ₹१०५ झाले, स्पिट्झचे ₹३७ च्या आसपास. सरसकट ₹६० धरले तर लॅब्राडोरवर रोज ₹४५ खिशातून जातात. दहा दिवसांच्या सुट्टीत एका कुत्र्यामागे ₹४५०. आणि वाटीने देताना ४२० ऐवजी ५५० ग्रॅम पडलं, तर आणखी ₹३२ रोजचे. पैसे तर गेलेच, वर कुत्र्याच्या पोटात ४६८ किलोकॅलरी जास्त गेल्या.

म्हणून दर वजनाच्या गटाप्रमाणे ठेवा, किंवा त्याहून चांगलं, ग्राहकाला त्याचंच फूड सोबत द्यायला सांगा. यात खर्चाचा प्रश्न सुटतो आणि पोटही सांभाळलं जातं. फूड अचानक बदललं की अनेक कुत्र्यांना जुलाब होतात. बदलायचंच असेल तर जुन्यात नवं थोडं थोडं वाढवत साधारण आठवडा घ्या.

आकडा ही सुरुवात आहे, शेवट नाही

सूत्रातून येतो तो सरासरी आकडा. प्रत्येक प्राण्याची खरी गरज त्याहून बरीच कमी-जास्त असू शकते. म्हणून हात आणि डोळे वापरा. बरगड्यांवरून हलका हात फिरवला की त्या जाणवल्या पाहिजेत, पण लांबून दिसायला नकोत. वरून बघितलं की कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. दर आठवड्याला वजन करा. वाढत असेल तर खाणं १० टक्के कमी, घटत असेल तर १० टक्के जास्त. प्राणी आधीच लठ्ठ असेल तर आजच्या वजनावर हिशोब करू नका, त्याचं योग्य वजन डॉक्टरांकडून घ्या.

मांजराच्या बाबतीत एक धोक्याची सूचना. "भूक लागली की खाईल" असं म्हणून मांजराला उपाशी ठेवू नका. दोन-तीन दिवस खाल्लं नाही, तर विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साचून जीवावर बेतू शकतं. नव्या जागी मांजर घाबरून खात नाही, हे बोर्डिंगमध्ये हमखास होतं. पूर्ण एक दिवस खाल्लं नाही की मालकाला आणि डॉक्टरांना फोन.

वरचं खाणं

बिस्किटं, पोळीचा तुकडा, चिकनचा घास हे सगळं मिळून दिवसाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. स्पिट्झसाठी ते ५३ किलोकॅलरी. ग्लुकोज बिस्किटात १०० ग्रॅमला ४५० च्या आसपास असतात, म्हणजे जेमतेम १२ ग्रॅम, दोन-तीन बिस्किटं. चहासोबत अर्धा पुडा देणाऱ्यांनी विचार करा!

कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट पूर्ण बंद. द्राक्षांच्या नाशिकमध्ये हे मुद्दाम सांगतो, घरात पेटी उघडी पडलेली असते. मांजराला कुत्र्याचं फूड रोज चालवू नका. मांजराला टॉरिन आहारातूनच मिळावं लागतं आणि कुत्र्याच्या फूडमध्ये ते पुरेसं असेलच असं नाही. दूध-पोळीवरही मांजर निभत नाही, आणि मोठ्या मांजरांना बऱ्याचदा दूध पचत नाही.

प्रवेशाचा फॉर्म

प्राणी दारात आला की हे लिहून घ्या : वजन (तुमच्या काट्यावर, मालकासमोर), वय, नसबंदी झाली का, कोणतं फूड, किती ग्रॅम, किती वेळा, काय चालत नाही, डॉक्टरांचा नंबर. प्राणी परत देताना पुन्हा वजन करून तोच कागद मालकाच्या हातात द्या. "आला तेव्हा ३२, चालला तेव्हा ३२." मित्रांनो, यापेक्षा चांगली जाहिरात पैसे देऊन मिळत नाही.

ताईंनी दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढला आणि आपली "वाटी" मोजली. शिगोशीग भरली तर २१० ग्रॅम, सपाट भरली तर १६०. वाटी तीच, हात तोच, आणि फरक ५० ग्रॅमचा!

तुमचा गृहपाठही तोच. आज घरातली वाटी तीनदा भरा, तीनदा मोजा. मग दरपत्रक लिहायला बसा.