बुडबुड्याचा बार
समुद्राच्या पोटात : भाग ७

गेल्या आठवड्यात व्हनामी कोळंबी पाहिली. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याची ही पाहुणी २००९ नंतर आपल्याकडच्या तळ्यांत कशी घर करून बसली, त्याची ती गोष्ट. आजची कोळंबी कोणी तळ्यात वाढवत नाही, कोळणीच्या पाटीत तिचा वाटा लागत नाही, आणि लागला तरी कालवणाला पुरणार नाही. जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढा जीव. पण उथळ, उबदार समुद्रात अहोरात्र जो गोंगाट चालू असतो, त्यातला मोठा वाटा हिचाच.

हे ध्यानात आलं ते दुसऱ्या महायुद्धात. शत्रूच्या पाणबुड्यांची चाहूल घ्यायला अमेरिकी नौदलाने पाण्यात हायड्रोफोन सोडले. काही किनाऱ्यांवर इंजिनाच्या घरघरीऐवजी कानावर पडला तो तडतडाट, कढत तेलात मोहरी पडावी तसा, आणि न थांबणारा. सॅन दिएगोला कॅलिफोर्निया विद्यापीठाचा युद्धसंशोधन विभाग होता. तिथले मार्टिन जॉन्सन आणि त्यांचे सहकारी या आवाजाच्या मागे लागले आणि थेट कोळंबीच्या बिळाशी पोहोचले. आल्फियस आणि सिनाल्फियस हे त्या कोळंब्यांचे शास्त्रीय वंश. युद्ध संपल्यावर, १९४७ साली, हे काम छापून आलं. त्याचा मथितार्थ असा, की पाणी साधारण ५५ मीटरपेक्षा उथळ आणि ११ अंश सेल्सियसहून गरम असेल, आणि तळाला खडक, प्रवाळ, शिंपल्यांच्या कपारी असतील, तर तडतड ऐकू येणारच. नौदलाला या माहितीचं मोल चांगलंच कळत होतं. या गोंगाटात शत्रूची पाणबुडी ऐकू येत नाही हे खरं, पण मग आपलीही त्याला ऐकू येत नाही.

आपल्या किनाऱ्याला ही मंडळी परकी नाहीत. फाब्रिशियस या डॅनिश प्राणिशास्त्रज्ञाने १७७५ सालीच यातल्या एका जातीचं वर्णन केलं, तिचं नाव मलाबारिकस. खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी डबक्यापाशी गप्प बसलात, तर कपारीतून मधूनच ‘टक्’ असं ऐकू येतं. आपल्याला वाटतं, खेकडा असेल.

आता मुद्द्याची गोष्ट. हिच्या दोन नांग्यांपैकी एक साधी, चिमट्यासारखी. दुसरी अवाढव्य, कधी कधी जवळजवळ अर्ध्या अंगाएवढी. या मोठ्या नांगीच्या हलत्या बोटावर एक दट्ट्या असतो आणि समोरच्या स्थिर बोटात त्याच्या मापाचा खळगा. नांगी उघडली की खळग्यात पाणी भरतं. मिटली की दट्ट्या आत घुसतो आणि पाणी बाहेर फेकलं जातं. बोटं एकमेकांवर आपटून ‘टक्’ होतं, असंच अनेक वर्षं सगळे धरून चालले होते. वाटायला सोपं आणि पटायलाही सोपं.

२००० साली नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचे मिशेल फर्स्लाउस व डेटलेफ लोझे आणि म्युनिकच्या बार्बरा श्मिट्झ यांनी सेकंदाला चाळीस हजारांहून जास्त चित्रं टिपणारा कॅमेरा कोळंबीवर रोखला आणि शेजारी हायड्रोफोन ठेवला. चित्र आणि आवाज एकमेकांशी जुळवून पाहिले, तर नांगी मिटते त्या क्षणी आवाजाचा पत्ताच नाही! आवाज येतो त्यानंतर, मिलिसेकंदाच्याही अंशाने उशिरा. मधल्या वेळात काय घडतं? पाण्याची चिळकांडी सेकंदाला सुमारे २५ मीटर वेगाने सुटते. इतक्या वेगात तिथला दाब एवढा पडतो, की पाण्याची जागच्या जागी वाफ होते आणि बुडबुडा तयार होतो. तो काही मिलिमीटरपर्यंत फुगतो, मग भोवतालचं पाणी त्याला चेपतं आणि तो आत कोसळतो. बार होतो तो त्या कोसळण्याचा. जहाजाच्या पंख्याची पाती ज्या बुडबुड्यांमुळे खड्डे पडून झिजतात, तीच ही जात. अभियंते ज्याला टाळायला धडपडतात, त्याचं या बाईंनी हत्यार केलं आहे.

पुढच्याच वर्षी याच तिघांनी दाखवलं, की बुडबुडा कोसळताना उजेडही पडतो. आतलं तापमान किमान ५,००० केल्विन असावं, असा त्यांचा अंदाज. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,८०० केल्विन. मग काय, मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींमधून ‘सूर्याएवढी आग ओकणारी कोळंबी’ अवतरली. ही वर्णनं ऐकली की मला जरा चिडायला होतं. तो लखलखाट सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजायचा, जागा सुईच्या टोकाहून बारीक, आणि डोळ्यांना तो दिसतही नाही. शिकार भाजली जाते वगैरे काही नाही. तिला लागतो तो चिळकांडीचा आणि धक्क्याचा तडाखा. आवाजाचंही तसंच. २०० डेसिबलच्या आसपासचे आकडे खरे आहेत, पण पाण्यातला डेसिबल आणि हवेतला डेसिबल एका मापाने मोजत नाहीत, दोघांत साठेक डेसिबलचा फरक पडतो. त्यामुळे विमानाच्या इंजिनाशी केलेली तुलना ऐकली की ती सोडून द्यावी. खरी गोष्ट काही कमी अचाट नाही.

एवढे बार उडवून हिचं स्वतःचं डोकं कसं शाबूत राहतं? डोळ्यांवर पारदर्शक कवचाची टोपी असते. २०२२ साली अमेरिकी संशोधकांनी काही कोळंब्यांची ही टोपी काढून पाहिली. धक्क्यानंतर त्या भांबावल्या, त्यांना आसरा लवकर सापडेना. टोपीवाल्यांना फारसं काही झालं नाही. आणि मोठी नांगीच तुटली तर? मग समोरची साधी नांगी वाढून मोठी होते, आणि तुटलेल्या जागी साधी उगवते. डावखुरी कोळंबी उजवी होते म्हणा ना. व्हिएन्नाच्या हान्स प्रिब्रामने हे १९०१ सालीच नोंदवलं होतं.

या कुळातली एक जात बेलीझच्या प्रवाळात, स्पंजाच्या पोटात राहते. एक राणी, बाकी तीनशेवर प्रजा, पिल्लं फक्त राणीची. मुंग्या-मधमाश्यांसारखी ही व्यवस्था समुद्रातल्या प्राण्यात पहिल्यांदाच सापडली, ती १९९६ साली एमेट डफी यांना. परका आत शिरला तर वसाहत मिळून नांग्या वाजवते. दुसऱ्या एका जातीची मोठी नांगी गुलाबी, म्हणून २०१७ साली तिला पिंक फ्लॉइड या रॉक बँडचं नाव मिळालं. शास्त्रज्ञांनाही कधीतरी मजा करू द्यावी.

युद्धात अडचण ठरलेला हा गोंगाट पुढे उपयोगाचा कसा झाला, हे मला सगळ्यात गमतीचं वाटतं. सिंगापूरचं बंदर म्हणजे गढूळ पाणी, कॅमेऱ्याला हातभर अंतरावरचं दिसायची मारामार. तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या ध्वनिप्रयोगशाळेत मंदार चित्रे आणि सहकाऱ्यांनी ‘रोमॅनिस’ नावाची यंत्रणा वापरली. पाचशेच्या वर कान लावलेलं एक तावदानच ते. स्वतः आवाज सोडायचा नाही. कोळंब्यांचा तडतडाट वस्तूंवर आदळून परततो तो टिपायचा आणि त्यातून चित्र बनवायचं. सूर्यप्रकाशात फोटो काढताना आपण तरी कुठे स्वतःचा दिवा लावतो? मागाहून अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पानेही याच तडतडाटातून पाणबुड्या हेरण्याच्या प्रकल्पाला पैसे दिले. ज्या आवाजाआड लपायचं, त्यानेच पकडून द्यायचं.

आता बातमी. पाणी तापतं तशी तडतड वाढते, असं अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेच्या अरान मूनी आणि ॲशली लिलिस यांनी २०२० साली मांडलं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याआधी, २०१६ साली, समुद्राच्या तळातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो अशा जागी कान लावला होता. पाणी आम्लधर्मी झालं की त्याच कोळंब्या गप्प होत जातात, असं त्यांना आढळलं. समुद्र तापतोही आहे आणि आम्लधर्मीही होतो आहे. यात कोण वरचढ ठरेल हा नुसता कुतूहलाचा प्रश्न नाही. कालवांची इवली पिल्लं बसायला जागा शोधताना खडकांवरचा हा गलका ऐकून तिकडे वळतात. तो बदलला तर त्यांनी कुणीकडे जावं?

पुढच्या आठवड्यात जवळा. आवाज नाही, नांगीचा तोरा नाही, पण कोकणातल्या किती चुली त्याच्यावर पेटतात, ते पाहू.